आतली खोली

बुकिंग हर्षदानं केलं, पुण्याहून, फोनवरच.
चार रात्री, पाच दिवस, आतली खोली.
आतली म्हणजे खिडकी नसलेली.
खिडकीवालीला बारा हजार जास्त.
हे म्हणाले, "समुद्र बाहेरच असते ना?
बाहेर जाऊन पाहू."

झिरो माईलच्या गावात जन्म गेला आमचा,
इथून कुठंही निघा, समुद्र लांबच.
सोनकुसरेबाई रोज विचारायच्या, "अन् जहाज बुडलं तं?"
"तं तुमचा डबा परत द्यायचा राहून जाईन," मी म्हणायची.
बॅगेत आवळासुपारी, लिंबं, बीपीच्या गोळ्या
आणि दोन स्वेटर.
एप्रिलात, त्रेचाळीस डिग्रीत, दोन स्वेटर,
जहाजात एसी फार मारते म्हणे.
यांनी कपाटामागून सळई काढली,
व्हॉल्व्हमनच्या नोकरीत एकतीस वर्षं जिला कान लावून
रस्त्याखालची गळती ऐकली, ती.
"हे कायले?"
"असू दे."
सोनेगावच्या विमानतळावर एका पोरीनं ती ठेवून घेतली.
हे दोनदा मागं वळून पाहत होते,
नातवाला पाळणाघरात सोडल्यासारखे.

जहाजावर आधी सगळ्यांना नारिंगी जॅकेटं घालून
रांगेत उभं केलं. बुडालो तर काय करायचं, ते शिकवलं.
एवढी संत्री एका ओळीत
मी कळमन्याच्या मार्केटातही पाहिली नव्हती.
जेवण दिवसातून सहा वेळा. साधं वरण कुठंच नाही.
पहिल्या रात्री पोटातलं काहीतरी डावीकडून उजवीकडे गेलं
आणि परत यायचं विसरलं.

खरं सांगू? समुद्र पाहून काही वाटलं नाही.
सगळे फोटो काढत होते, म्हणून मीही हसले.
दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी, दुपारी,
कोणी नव्हतं कठड्याशी, तेव्हा जरा भीती वाटली.
चांगली भीती.

हे कुठं होते? खोलीत. भिंतीला कान लावून.
"पाणी चालू आहे," म्हणाले, "रात्रभर चालूच होतं."
सफाईला येणारा अल्मेडा नावाचा पोरगा,
त्याला विचारलं, "कुठून आणता?"
"समुद्रातून, अंकल. मीठ काढून."
"किती तास सोडता?"
त्याला प्रश्नच कळला नाही.
हिंदीत परत विचारला, तरी नाही.

मग यांनी बाथरूमचा नळ पूर्ण सोडला,
आणि लगेच, दोन बोटांनी, घट्ट बंद केला.
बराच वेळ बसून राहिले पलंगाच्या काठावर.
नंदनवनच्या एका बाईनं एका मे महिन्यात
रिकामी बादली फेकून मारली होती यांना.
भुवईत खूण आहे अजून.
"तिले आणाले पाह्यजे होतं," म्हणाले.

परतल्यावर कोणी सांगत नाही ते सांगते:
जमीन हलते. तीन दिवस.
ओट्याला धरून चहा केला मी,
देवासमोर बसले तर निरांजनाच्या अंगावर कलले.
बिलात अठराशे रुपये निघाले,
न घेतलेल्या फोटोंचे; हर्षदा अजून भांडते आहे.
खोलीचं कार्ड, सातशे सोळा नंबर,
यांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलं.

चौथ्या पहाटे, साडेचारला, नळाला हवा आली.
उठले, बादली लावली.
पाणी भरत गेलं, अगदी सपाट.
मागं पाहते तर हे अंगणात, बनियनवर,
माझं मोठं उलथनं मीटरच्या पाइपावर टेकवून,
दांड्याला कान लावलेला, डोळे मिटलेले.
"गळते?" मी विचारलं.
हातानंच म्हणाले, थांब.