सात नंबरची बोअर

अंबडच्या सात नंबर बोअरचं झाकण उघडलं
की आधी सडक्या अंड्यांचा वास येतो.
गांगुर्डेकाका म्हणतात, वास आला म्हणजे बरं चाललंय.

बावीस वर्षं ते इथेच बेअरिंगं धुवायचे
ट्रायक्लोरच्या टाकीत, उघड्या हातांनी,
आणि उरलेलं मागच्या भिंतीपाशी ओतायचे.
सगळेच ओतायचे. जमीन पिऊन घ्यायची,
बोलायची नाही.

पाण्याहून जड ते. मुरूम ओलांडून
काळ्या खडकाच्या भेगांत जाऊन बसलं.

आता आम्ही निफाडहून मळीचे ड्रम आणून
खाली सोडतो.
मळी आंबते, हायड्रोजन सुटतो,
आणि जिथे श्वास घ्यायला हवाच नाही
तिथे कुणीतरी त्या विषावरच श्वास घेतं.
हवेची झुळूक लागली तरी मरतील असे जीव;
म्हणून मी नळी हळू उतरवते,
निजलेल्या बाळाच्या खोलीत शिरावं तशी.

तीन क्लोरीन. एक काढला. पावसाळा गेला.
दुसरा काढला,
आणि थांबले.
दोन निघाल्यावर जे उरतं
ते पहिल्याहून वाईट. रिपोर्ट वाचून
काकांनी डबा तसाच परत नेला.

काल शेवटचा सुटला.
राहिलं चिमूटभर मीठ
आणि एथिलीन:
आढीतला आंबा अंधारात सोडतो
तोच वायू.

काकांनी बाटलीला बूच लावलं,
तळहात पँटला पुसले, उगाच, दोनदा.
मग आठ नंबरकडे गेले,
झाकण उचलून वाकले.

तिथे अजून
कसलाच वास नाही.