एक्केचाळीस

नागपूरहून जुनं-वापरलेलं कार्ड आणून बसवलं,
त्या रात्रीपासून कॉम्प्युटर मरतो.
निळा पडदा नाही, सूचना नाही.
पंखे एकदम गप्प, मग काळ्या काचेत
ट्यूबलाइट आणि माझं तोंड.
थोड्या वेळाने आपणच उठतो,
जणू काही झालंच नाही.

सुकेशिनीच्या लग्नाचा व्हिडिओ
सतराव्या मिनिटाला अडकलाय.
तिथे पोपटी सदऱ्यातला एक माणूस आहे,
हातात भाजीच्या वजनाने वाकलेली कागदी प्लेट.
तो घास थांबवून सरळ कॅमेऱ्यात बघतो
आणि वीज गेल्यासारखं सगळं जातं.
वीज गेलेली नसते.

आतल्या नोंदवहीत दर वेळी एकच आकडा: एक्केचाळीस.
अर्थ शोधला. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं.
म्हणजे दाखल्यावर मृत्यूचं कारण,
मृत्यू.

ड्रायव्हर काढला, सेफ मोडमध्ये,
भांड्याच्या तळाची खरवड काढावी तसा मुळापासून.
नवा टाकला. सतरा. काळं.
रॅमच्या पट्ट्या एकेक करून उपसल्या,
सोनेरी दातांवर भाच्याचं खोडरबर फिरवलं.
सतरा. काळं.
बाजूचा पत्रा उघडून टेबलफॅन लावला,
तापमान अडुसष्ट,
माणसाला ताप म्हणावा, कार्डाला नाही.

समोर राईस मिल. तिची मोटर उचलते
तेव्हा अख्ख्या मूल रोडचे बल्ब डोळे मिचकावतात.
सापडला चोर, म्हटलं.
हिशेबाच्या वहीत वेळा मांडल्या:
अकरा दहा, बारा पाच, तीन चाळीस.
मग रात्री दोनला बसले.
मिल झोपलेली, कोंड्याचा वास तेवढा जागा,
मीटरवर दोनशे तीस, काटा हलत नाही.
काळं.
मिलची मनातल्या मनात माफी मागितली.

त्यानंतर जे केलं ते कुणाला सांगितलं नव्हतं.
पोपटी सदरा कापून टाकला. साडेतीन सेकंद.
रेंडर सतरा ओलांडून गेला, मी खुर्चीतून उठून उभी.
अठरा मिनिटं चार सेकंद.
काळं.

शेजारचा शालिकराम मेश्राम, मोटरी भरणारा,
माठातलं पाणी प्यायला आला.
"काऊन वो, चार रोजापासून हा डबा खोलून कायले बसली?"
सांगितलं. कार्ड त्याला कळलं नाही.
"नवी मोटर टाकली ना? मंग तिले करंट कोण देते?"
मी पॉवर सप्लाय दाखवला. चारशे पन्नास वॉट लिहिलंय, म्हटलं.
"लिवलेलं राहू दे. काढ."
तळहातावर घेऊन दोनदा वर-खाली केला,
जळक्या वायंडिंगचं तांबं जोखतो तसा.
"हलका हाये. याच्यात मालच नाही.
सपाटीवर कोणताबी बैल चालते, पोरी.
चढावर समजते."

नन्नावरेंच्या किराण्यात काट्यावर ठेवला.
आठशे ग्रॅम.
"साखरेचा भाव लावू का?" धनपाल म्हणाला.

नवा एसटीने आला, कंडक्टरच्या सीटखालून.
दोन किलो शंभर.
कार्डाला दोन वायरी, वेगवेगळ्या,
एकीला फाटे फोडून नाही.
जुना आता बिलांवर ठेवते,
पंखा लावला की बिलांसकट सरकतो.

पोपटी सदरा परत जोडला, जिथला तिथे.
सतरा. अठरा.
पंखे गुरगुरत राहिले, मी चहा विसरले.
एक तास बारा मिनिटं, सगळं लग्न.

सकाळी पेन ड्राइव्ह घ्यायला सुकेशिनीचा भाऊ आला.
विचारलं, हा कोण?
प्रज्ञाशीलने वाकून बराच वेळ पाहिलं.
"आमच्याकडचा नाही."
मग नवरदेवाकडचा?
"तेच तर. फोटो पाहून त्यायनं आम्हाले विचारलं."
काढू का?

"राहू द्या," तो म्हणाला.
"जेवून राहिला ना."