तिरपा उजेड

रोडेलचं प्रोजेक्ट संपलं तेव्हा त्याने सगळं विकायला काढलं:
राइस कुकर, गिटार, आणि ही दुर्बीण.
दीडशे दिरहॅम. तिवईचा एक पाय
वायरिंगच्या काळ्या टेपने बांधलेला.
म्हणाला, चंद्रापासून सुरू कर, तो कुठे पळत नाही.

पळतो.
रास अल-खैमाच्या या गच्चीवर,
पाण्याच्या टाक्या आणि एसीच्या गरम फुत्कारांत उभा राहून
मी पाहिलंय त्याला भिंगातून निसटताना,
फोरमन दिसला की चहावाली टोळी पांगते तसा,
घाई न दाखवता.
तो नाही, पृथ्वी फिरते म्हणे.
एकेचाळीस वर्षांत पायांखाली कधी जाणवली नव्हती.

खोलीतून वर आणली की पहिली वीस मिनिटं
आरसा आंधळा.
सप्टेंबरची दमट हवा त्याच्यावर येऊन बसते
आणि पुसायचा नाही, रोडेलने बजावलंय.
थांबायचं.
मी बनियनच्या टोकाने माझंच तोंड पुसतो.

मग मोबाइल दोन बोटांत, भिंगाच्या तोंडाशी.
काळं. काळं. एकदम पांढरा भपका. काळं.
श्वास रोखला तर हात थरथरतो,
सोडला तर काच धुरकटते.
एकशे त्रेचाळीस फोटो,
त्यातले एकशे चाळीस रस्त्यावरच्या दिव्याचेही असू शकतील.

पौर्णिमेला तर काहीच हाती लागलं नाही.
चुना फासलेली थाळी, बस.
खरं तर मला, दिवसभर व्हिलांच्या भिंतींचे दोष टिपणाऱ्याला,
हे आधीच कळायला हवं होतं:
समोरून उजेड मारला की कुठलीही भिंत पास होते.
प्लास्टर बघायचं तर बल्ब भिंतीला लगटून धरायचा, तिरपा.
मग उठतात फुगवटे, खळगे, थापीचे फटके,
मिस्त्रीची दुपारची डुलकीसुद्धा.

म्हणून आज, अष्टमीला.
जिथे उजेड संपतो त्या रेघेवर
एकेका खड्ड्याला काठ आलाय, काठाला सावली,
आणि पलीकडच्या अंधारात
एकच शिखर, सुटं, आधीच उजळलेलं.
बोट न हलवता टिपलं. एकशे चव्वेचाळिसावा.

मोफिज मिस्त्री वाळत घातलेली चादर न्यायला वर आला.
म्हटलं, बघ.
नळीच्या कुशीला डोळा लावून तो इतका वेळ गप्प राहिला
की मला दोनदा नळी ढकलावी लागली.
मग म्हणाला, "हनीकोंब है, साब. व्हायब्रेटर नहीं मारा किसी ने."
थोड्या वेळाने, "उधर कोई रहता है?"
नाही म्हटलं.
"तो फिर रहने दो."

समुद्राकडची बावीस नंबरची रांग आठवली.
सहाही व्हिला बंद, मालक कुठल्याशा थंड देशात,
आणि मी याच मोफिजकडून
एकच भिंत तीनदा खरवडून घेतलेली.
त्यालाही आठवलं असावं.
तो पुन्हा वाकला, म्हणाला, "लेकिन काम बड़ा है."

फोटो संगमनेरला पाठवला.
तिथे साडेदहा वाजलेले, तरी राही जागी.
ढग फाकल्यावर बाहेर जाऊन बघून आली आणि लिहिलं,
पप्पा तुमचा उलटाय.
आमचा खाली भरलाय, तुमचा वर.

आरसा, भिंग, किरणांची फुली,
हे सगळं मी टाइप करायला घेतलं आणि खोडलं.
फोटो फिरवायचं बटणही होतं तिथेच.
लिहिलं, इथून असाच दिसतो.

दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.
पटलं असेल, किंवा झोप लागली असेल.

दोरीवर मोफिजची चादर तशीच,
आता पुन्हा ओली.
न्यायला आला होता, विसरून गेला.