दुसरी वेलांटी

चापोऱ्याच्या धक्क्याजवळ, जुलैच्या अखेरीला,
माडाच्या ओंडक्यांवर चढवलेली होडी
आणि तिच्या नाकाशी, उपड्या क्रेटवर, मी.
पांढऱ्या पट्ट्यावर निळ्या ऑइलपेंटने
फक्त दोन शब्द लिहायचे होते:
सातेरी प्रसन्न.

सा बसला. ते बसला.
री काही केल्या बसेना.
तिची वेलांटी कधी फुगायची,
कधी आजारी माणसाच्या मानेसारखी कलायची.
मी टर्पेंटाइनचा बोळा फिरवायची, पुन्हा काढायची.
तीन दिवस.
सर आली की ताडपत्रीखाली शिरून
बोळा पिळत बसायची.
पुसून पुसून तिथं निळसर डाग पडला होता,
मार लागल्यावर पडतो तसा.

घरी कपाटात अशीच पडून आहेत
अकरा चित्रं, कडेपर्यंत न पोचलेली,
आणि एक पत्र,
ज्याचा मायना तेवढा मला पसंत पडला होता.

कुष्टाकाका जाळ्यात पाय पसरून बसलेले,
दातांत दोरा, चिमटीत सुई.
म्हणाले, "बाय, दर्याक वाचूंक येना."
मी म्हटलं, लोकांना येतं ना.
ते हसले नाहीत. पुढचं भोक शोधायला लागले.

आप्पा गेले आणि हे काम माझ्या वाट्याला आलं.
शिवोलीच्या शाळेत ते ड्रॉइंग शिकवायचे,
दर जुलैत या होडीचं नाव लिहायचे,
पट्टी न लावता, एका दमात,
असं अजून सगळे सांगतात.
माझ्या वहीवर मात्र लाल पेन घेऊन बसत:
ऱ्हस्वाला गोल, दीर्घाला गोल,
एका चुकलेल्या रफारासाठी अख्खं पान पुन्हा.
त्यांच्या हातून कधी रेघ हलली असेल
हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी चिडून पॉलिशपेपर घेतला.
म्हटलं, पार लाकडापर्यंत जाऊ, नव्यानं सुरू करू.
पांढऱ्याखाली हिरवं निघालं, हिरव्याखाली लाल,
आणि प्रत्येक रंगात एकेक री.
एक डावीकडे सरकलेली, एक जाडजूड,
एकीची वेलांटी वरच्या फळीत घुसलेली,
एक तर आधी पहिलीच काढून
मग घाईनं दुसरी केलेली,
जुन्या खुणेवरचा फराटा तसाच.
आणखी खरवडलं, तर पिवळ्या थरात
प्रसन्नमधला अर्धा न राहूनच गेलेला,
नंतर कसाबसा कोंबलेला,
भरल्या बसच्या पायरीवर
शेवटी चढलेल्या माणसासारखा.

मी हसले. मग बराच वेळ हसले नाही.
आप्पा, याचे किती मार्क कापायचे?

काका न बघताच म्हणाले,
"पिवळा ना? त्या वर्षी इसवण भरपूर मिळाला."

लाकडापर्यंत गेलेच नाही मी.
पांढऱ्याचा एक पातळ हात दिला,
खालचं थोडं दिसत राहिलं.
री काढली.
मान कललीच.
बोळा कुष्टाकाकांना दिला, इंजिन पुसायला.

एक ऑगस्टला होडी पाण्यात ढकलली
तेव्हा सोळा जणांत माझेही हात होते.
दमट हवेत रंग पुरता वाळला नव्हता.
तळव्यावर उलटी वेलांटी उमटली.
होडीवर तिच्या जागी काय उरलं
ते बघेपर्यंत ती नदीच्या तोंडाशी होती,
वाळूच्या पट्ट्यावरून एकदा आदळली,
आणि गेली.

घरी येऊन ते पत्र काढलं.
हात धुतले नव्हते.
मायन्याखाली पहिली ओळ लिहिली, वाईट,
कागदाला निळं बोट लागलं.
मग दुसरी लिहिली.