टाचणवही, तिसरी ब

शनिवार. साडेअकराला शाळा सुटली.
फळ्याखाली एक चप्पल राहिलीय, डाव्या पायाची.
कुणीतरी लंगडी घालत दिघ्याचा चढ चढलं असणार.

मी टाचणवही उघडते. आठवडा भरायचा राहिलाय.
पहिला रकाना घटकाचा, दुसरा कृतीचा, तिसरा साहित्याचा.
चौथ्यात लिहायचं, मुलांना काय आलं.
चौथा रकाना अरुंदच छापून येतो.

सोमवार, मापन.
बाक किती वितींचा?
निधीशच्या हातानं अकरा, झुलेखाच्या दहा, माझ्या सात.
हुलगप्पाच्या आठ.
तो सुट्टीत बापासोबत खाणीवर खडी भरतो,
त्याचा हात वयाच्या पुढं निघून गेलाय.
‘बाई, मग खरं कुणाचं?’
मी पट्टी काढली. म्हटलं, म्हणून ही. ही सगळ्यांना सारखी.
तो पट्टीकडं बघत राहिला
नव्या मुकादमाकडं बघतात तसा.

मंगळवारचं पान कोरं.
मी मतदार यादी घेऊन ऐरोलीत दारं वाजवत होते.
माझे अडतीस वाघुले सरांच्या पंचेचाळिसांत कोंबलेले,
आणि दिवसभर पाढे.
सतरा पाचे पंच्याऐंशीला म्हणे खाणीत सुरुंग उडाला.
सगळे थांबले, खिडक्यांची धूळ खाली बसू दिली,
आणि सहापासून पुढं.
हे कोणत्या रकान्यात घालू?

बुधवारी नकाशा, घर ते शाळा.
हर्षाली म्हात्रेनं देऊळ काढलं, तलाव काढला,
आणि कंपनीच्या जागी हिरवं शेत.
‘तिथं शेत नाही गं आता.’
‘आजा अजून बांधावरूनच वळतो, बाई.’
मी खोडरबर परत ठेवला.
सगळ्यांची घरं स्केचपेननं, लाल कौलांची,
कौलं कुणाच्याच घरावर नसताना.
एकट्या हुलगप्पाचं पेन्सिलीनं, पुसट.
खोदकाम पुढं सरकलं की
घर पण सरकतंय, म्हणाला,
आणि शाळा मात्र त्यानं गडद गिरवली.

गुरुवार, बाजार.
मातीची वांगी, पुठ्ठ्याचा तराजू, कागदी नोटा.
झुलेखा गल्ल्यावर बसली नि वर्गाचं तुर्भे मार्केट झालं.
‘सुट्टे नाहीत, खडू घे.’
‘हात नको लावू, लांबून बघ.’
चौघांना उधार दिलं, मागच्या पानावर नावं मांडली.
वहीत हिचा हातचा रोज हरवतो.
बासष्ट रुपयांच्या उधारीत एकही हरवला नाही.
बाजार उठल्यावर वसुलीला ती माझ्याकडंही आली,
मी अर्धा किलो भेंडी विसरले होते.

शुक्रवारी मूग.
सात झाकणं, ओला कापूस, खिडकीची कड.
सहा झाकणांत शेपट्या फुटल्या.
निधीशचे कुजले. दर तासाला तो बाटली रिकामी करत होता.
रुजायला काय काय लागतं?
‘पाणी, हवा, ऊब,’ वर्ग ओरडला.
तो नाक ओढत म्हणाला, ‘आणि बाई, पाणी थोडंच.’
पुस्तकात तीनच दिलेत.

साहेबांना चौथा रकाना भरलेला लागतो.
मी वरपासून खालपर्यंत ‘साध्य’ लिहिते,
मंगळवारीसुद्धा,
अक्षर चांगलं येतं तेवढ्यासाठी.

दारात सावली. प्रज्योत.
एक पाय चपलेत, दुसरा पोळलेला, त्याच्यावर चढवून उभा.
मी वही चाळते.
आख्ख्या आठवड्यात याचं नाव कुठंच नाही.
ना वितींत, ना उधारीत, ना मुगात.
‘सोमवारी तुझ्या किती भरल्या रे?’
‘मला नव्हतं विचारलं.’

चप्पल तशीच ठेवून तो बाकाशी जातो.
अंगठा टेकतो, करंगळी ताणतो,
मधेच चुकतो, पुन्हा पहिल्यापासून.
शिपाईमामा कुलूप घेऊन आलेत.
मी त्यांना हातानंच सांगते, थांबा,
सहावी चालू आहे.