वगळले

पहाटे चार दहाला माझा कॉम्प्युटर एकटाच उठतो.
कन्नमवार नगरात तेव्हा पाणी आलेलं नसतं.
पालिकेचा चावीवाला वीस मिनिटांनी येईल,
रस्त्यातलं लोखंडी झाकण पायानं सरकवेल,
लांब दांड्याची चावी फिरवेल
आणि चौदा इमारतींच्या टाक्या एकदम खोकू लागतील.

त्याच्याआधी माझी बावीस ओळींची स्क्रिप्ट
एकेका फोल्डरच्या दारात जाऊन उभी राहते.
एकतीस दारं.
पूर्वी मीच जायचे, रविवारी, केस वाळवत.
एकात शिरायचं, नवीन काय ते ओढून घ्यायचं,
बाहेर पडायचं, पुढच्यात शिरायचं,
आणि सतराव्याला हमखास बेल: इस्त्रीचे कपडे.
महिनोन्महिने
अठराव्याच्या पुढे माझ्याकडे जग जुनंच होतं.

स्क्रिप्टला मी तीनच गोष्टी शिकवल्या.
सरळ पुढे जाता येत असेल तरच जा.
नेट नसेल तर डोकं आपटू नकोस, उद्या ये.
आणि कुणाचं काम अर्धवट पडलं असेल
तर हात लावू नकोस. नाव लिही. पुढे हो.

(ही तिसरी मला स्वतःला कधी जमली नाही.
बहिणीकडे गेले की मी तिची भाजी ढवळते.)

साडेसहाला चहाबरोबर लॉग वाचते.
अद्ययावत. अद्ययावत. चार बदल आले. अद्ययावत.
आणि तेविसाव्या ओळीवर, गेली दोन वर्षं, रोज:
लिपीपालट: अर्धवट बदल, वगळले.

लिपीपालट ऑस्विन डाबरेचं.
जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडात आणायचा,
आमच्या फोर्टातल्या छापखान्याची तीस वर्षं,
लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, दहाव्याची कार्डं.
वेलांटी एक घर पुढे उडी मारायची,
रफार भलत्याच्याच डोक्यावर जाऊन बसायचा.
सगळं त्यानं जागेवर आणलं. अडलं एकाच ठिकाणी.
आमच्याच लोकांनी घाईघाईत
दोन्ही र एकाच बटणावर मारले होते,
म्हणून दर्या की दऱ्या,
आचार्यांना की आचाऱ्यांना,
मशीनला कळायला मार्ग नव्हता.

ऑस्विन म्हणाला, नियम लावू.
वसईचा तो. त्याच्या नियमात
सह्याद्रीच्या सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला असता.
मी म्हटलं, अरे, पंगतीचा हिशेब आचार्यांच्या नावे निघेल.
माणसाला विचारू दे.
म्हणाला, बाई, विचारायचंच तर प्रोग्राम कशाला?

याच खुर्चीत बसून त्यानं तीन ओळी लिहिल्या.
तो चपला घालत होता तेव्हा मी त्यातली एक खोडली.
त्यानं पाहिलं.
कमिट ना त्यानं केलं, ना मी.
पुढे मस्कतला गेला असं बाइंडरनं सांगितलं.

आज तेविसावी ओळ लांब होती.
लिपीपालट: अर्धवट बदल, वगळले. तिकडे एक नवीन आहे.

गॅस बारीक केला. ओढलं नाही,
नुसतं डोकावले.
बारा ओळी. रात्री एक पन्नासला पाठवलेल्या.
वर त्याचा निरोप, शुद्धलेखनासकट त्याचाच:
"दर्या दऱ्या. ईथे थांबून विचारावं."

स्क्रिप्ट केव्हाच चोविसाव्याकडे निघून गेली होती.
तिला बोल लावता येत नाही. मीच शिकवलेली.
खोडलेली ओळ पुसू, की ठेवू,
की बाजूला गुंडाळून ठेवू, तशीही सोय आहे.

काहीच केलं नाही.
बत्तिसावं फोल्डर काढलं, त्यात त्याची नवी प्रत घेतली
आणि नालासोपाऱ्याच्या पतपेढीचा जुना अहवाल दिला.
दुसऱ्या पानावर तो थांबला. विचारलं:
दर्या की दऱ्या?

उत्तर मला येत होतं. बोटं कीबोर्डवरच होती.
खाली कुणीतरी ओरडत होतं, टाकी भरली,
मोटर बंद करा कुणीतरी.