बोला

कुमासीत कचऱ्याला बोला म्हणतात.
पहिल्याच दिवशी क्वाबेनाने प्रयोगशाळेमागचा ढीग दाखवला,
म्हणाला, "बोला."
मी आपली वाट पाहत उभी, कोण काय बोलतंय याची.

ढीग कोकोच्या टरफलांचा.
बिया बंदरावरून चॉकलेटच्या देशांत गेल्या,
ही राहिली; पिवळ्याची तपकिरी, तपकिरीची काळी होत,
प्रत्येकीच्या वाटीत पाणी, पाण्यात डासांची पिल्लं.
किलोभर बियांमागे दहा किलो हे, क्वाबेना सांगतो,
धाकट्या भावाच्या उंचीबद्दल सांगावं तसं,
जरा कुरकुरत, जरा मिरवत.

दर मंगळवारी दुपारी दोनला पडदा उजळतो.
ओउलूत अंधारून आलेलं, तूलिक्कीच्या खांद्यावर लोकरीची शाल.
कांपिनासमध्ये अजून सकाळ, इतामारची दुसरी कॉफी.
आमच्याकडे पंखा. वीज गेली की
त्यांच्या पडद्यावर म्हणे आमच्या जागी काळा चौकोन उरतो
आणि ते दोघं त्या चौकोनाशी थोडा वेळ बोलत राहतात.

तीन महिने एकच भांडण: राख.
टरफलातलं पोटॅशियम भट्टीत ठाण मांडतं,
तेल पाणचट निघतं, आंबूस, धुरकट,
आणि तूलिक्कीच्या महागड्या उत्प्रेरकाचा
दीड दिवसात दगड.
तुमचा माल वाईट आहे, असं ती म्हणाली नाही.
"नमुन्यातील क्षारांचे प्रमाण अपेक्षेहून अधिक," एवढंच म्हणाली.
क्वाबेनाने माइक बंद करून ट्वीमध्ये काहीतरी म्हटलं.
मी अर्थ विचारला नाही.

नाना फोसुआ गुरुवारी यायची, ओफिन्सोहून, पोती घेऊन.
आमच्या कितीतरी आधीपासून ढीग तिचा.
टरफलं वाळवायची, जाळायची, राख भिजवायची,
गाळलेल्या पाण्यात पामतेल घालून ढवळत बसायची
हात भरून येईतो.
काळा, मऊ साबण. तिच्या घरी
तान्ह्या बाळाला तोच, मयतालाही तोच.
आमची अडचण म्हणजे तिचा धंदा.

एकदा क्वाबेनाने तिला तक्ता दाखवला. लाल रकाना.
तिने तक्ता पाहिलाच नाही, पोत्याचं तोंड बांधत म्हणाली,
"पावसात पडलेली मी घेत नाही कधी.
त्यांच्या राखेत जोर नसतो."

पंखा फिरत होता.
तीन महिने आम्ही छपराखालची,
कोरडी, देखणी टरफलं निवडून निवडून
फिनलंडला पाठवत होतो.

मग ढिगाच्या बुडातली काढली, भिजून भिजून निःसत्त्व झालेली.
उत्प्रेरक नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी गेला,
पण नऊ दिवस!
तूलिक्की हसली तेव्हा शाल घसरली, तिने ती उचलली नाही.

फोसुआ मात्र खूश नव्हती.
आम्ही टरफलं धुतो त्या पाण्यातच सगळा जोर, तिचं म्हणणं, ते मला द्या.
दोन पिंप नेली. साबण काही धरला नाही.
न जाळता कसा धरेल, तिनेच स्वतःला शिव्या घातल्या
आणि पिंपं केळींच्या बुंध्याशी ओतली.
तेव्हापासून कोरडी तिची, ओली आमची.
कागदावर कुणी सही केलेली नाही.

निबंधावर सात नावं, तीन देश.
तिचं नाव शेवटी, ऋणनिर्देशात, तेही चुकीचं लिहिलेलं.
क्वाबेना म्हणतो, आठवं नाव वर घ्या.
इतामार म्हणतो, घेऊ की.
तूलिक्की नियम तपासते आहे.

गेल्या मंगळवारी त्याने आपली खुर्ची फोसुआला दिली.
ती बसली, मांडीवर पोतं,
आणि बराच वेळ काही सांगत होती, हातवारे करत.
"आवाज येत नाही," इतामारने खुणेनं दाखवलं.
मी वाकून माइक सुरू केला
आणि घाईत माझ्याच भाषेत निघून गेलं: "बोला."

तिने वळून खिडकीबाहेर पाहिलं, ढिगाकडे.